डावीकडं ओढणारा ट्रॅक्टर

ज्ञानदेव ओव्हाळनं ट्रॅक्टर आणला तो छोट्या हत्ती टेम्पोत घालून, दोरांनी बांधून. न्हावऱ्याला दुरुस्तीची शेड चालवणाऱ्या महबूब शेखला त्याचंच आधी नवल वाटलं. पारगाव ते न्हावरा रस्ता सरळ, मध्ये भीमेचा पूल, आणि ज्ञानदेव तर त्या ट्रॅक्टरवर बसून लग्नालाही गेला असता. पण आज तो टेम्पोच्या ड्रायव्हरशेजारून उतरला, उतरताना पायरी चुकला आणि गुडघ्यावर आपटला. महबूबनं हात दिला. ज्ञानदेव म्हणाला, काही नाही, चप्पल निसटली.

दोघं रांजणगावच्या एकाच कंपनीत होते. महबूब मेंटेनन्सला, हायड्रॉलिक प्रेसचा फिटर. ज्ञानदेव बाहेर, बागेत. वीस-बावीस वर्षं एकाच बसनं गेले-आले, डबा एकत्र खाल्ला. कंपनीच्या गेटपासून ऑफिसपर्यंत मोठं लॉन होतं आणि ते कापायला एक बुटका, परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर होता. पोटाखाली पाती, मागं छोटी ट्रॉली, आणि चाक एका बोटानं फिरेल असं पॉवर स्टिअरिंग. ज्ञानदेवशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. त्यानं कापलेल्या गवतावर पट्टे उमटायचे, शाळेच्या वहीवरच्या रेघांसारखे. पुढं बागेचं काम ठेकेदाराकडं गेलं, जुनं सामान विकायला काढलं, आणि रिटायर होताना ज्ञानदेवनं तो ट्रॅक्टर घरी आणला. पारगावला त्याची पेरूची बाग होती. तिच्या दोन ओळींमधलं अंतर त्यानं ह्याच ट्रॅक्टरच्या रुंदीवर धरलं होतं.

“डावीकडं वढतोय,” ज्ञानदेव म्हणाला. “आन् जड झालाय. खाली तेल बी गळतंय, पाय माखत्यात.”

महबूबनं फिरून पाहिलं. डाव्या मडगार्डचा पत्रा सोलल्यासारखा झाला होता. डाव्या दिव्याची काच गेली होती, डावीकडच्या पायरीचा कोपरा आत दुमडला होता. उजवी बाजू मात्र कंपनीतून आणली तशीच होती, नुसती उन्हानं फिकी पडलेली. चाकाखालच्या दांडीवरून तेलाचा ओघळ आला होता. स्टिअरिंग गेलंय, त्यामुळं गाडी एका अंगाला जाते आणि झाडं घासतात, असा त्यानं हिशेब केला. तो हिशेब कोणीही केला असता.

त्यानं स्टिअरिंगचं युनिट उतरवलं, पत्र्याच्या टेबलावर घेतलं. बाहेरून ते नारळाएवढं दिसतं, पण आत सगळा नाजूक मामला. एकात एक फिरणाऱ्या दोन नळ्या, त्यांना मध्यावर आणणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि खाली चांदणीच्या आकाराचं एक चाक. चाक फिरवलं की ही चांदणी मोजून तेल पुढं ढकलते आणि तेलाच्या जोरानं पुढची चाकं वळतात. महबूबनं सगळं डिझेलमध्ये धुतलं, एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडला. वरचं सील दगडासारखं कडक झालं होतं. रबराच्या ओ-रिंगा चपट्या झाल्या होत्या. एका स्प्रिंगचा तुकडा पडला होता. दोष होता, आणि तो डोळ्यांनी दिसत होता. महबूबला बरं वाटलं. दोष दिसला की काम निम्मं होतं.

ह्या मॉडेलचं किट आता येत नाही. महबूब पुण्याला जाऊन नाना पेठेतल्या दुकानांत फिरला, मापाला माप लावून रिंगा जमवल्या. स्प्रिंगची पट्टी दुसऱ्या एका जुन्या युनिटमधली काढून घासून बसवली. सगळं जोडून इंजिन चालू केलं, तर चाक आपोआप गरगर फिरायला लागलं, जणू सीटवर कोणी बसलंय. महबूबनं घाईनं इंजिन बंद केलं. चांदणी एक दाता चुकून बसली होती. ही चूक शिकाऊ पोरं करतात. कंपनीत असताना त्याच्याकडून असं कधी झालं नव्हतं. त्यानं पुन्हा सगळं उघडलं, खूण करून बसवलं. या वेळी चाक शांत राहिलं, आणि बोटानं फिरलं.

घरी त्यानं ही गोष्ट जन्नतबीला सांगितली. बायको म्हणाली, वय झालं आता, चष्म्याचा नंबर बघून घ्या. तेवढंच बोलणं झालं. पण ते महबूबच्या मनात राहिलं.

ट्रॅक्टर पोहोचवायला तो स्वतः पारगावला गेला. बागेत आधी त्यानंच चालवून पाहिला. पहिल्या ओळीत शिरला आणि शेवटाला बाहेर पडला, दोन्ही बाजूंना हातभर जागा राखून. पानसुद्धा हललं नाही. मग ज्ञानदेव बसला. त्याची बसायची ढब तीच होती, पाठ ताठ, एक हात चाकावर, एक मांडीवर. दहा-बारा झाडं गेली असतील नसतील, डावीकडच्या पेरूची फांदी मडगार्डला घासत कडकन मोडली. ज्ञानदेवनं गाडी थांबवली, मागं घेतली, पुन्हा पुढं गेला. पुन्हा डावीकडं.

“बघितलंस?” तो म्हणाला. “वढतोय अजून.”

महबूबनं पुन्हा चालवला. सरळ गेला. ज्ञानदेवनं चालवला. डावीकडं गेला. ज्ञानदेव म्हणाला, तुझं वजन कमी, म्हणून तुला जाणवत नाही. महबूबला ते पटलं नाही, पण चांदणीची चूक त्याला आठवली. एकदा चुकलं तर दुसऱ्यांदाही चुकलं असेल. त्यानं युनिट परत उतरवलं, पिशवीत घातलं आणि न्हावऱ्याला आणलं.

पुढचे काही दिवस त्याचे फार वाईट गेले. युनिट उघडायचं, भिंगातून बघायचं, काही सापडायचं नाही, पुन्हा जोडायचं. एक रिंग बदलायची, पुन्हा उघडायचं. शेजारच्या रसवंतीवाल्यानं विचारलं, एवढं काय धरून बसलाय त्यात, तर त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. रात्री झोपताना हाताची बोटं उघडमीट करून तो बघायचा. ज्ञानदेवला चाकातली एवढीशी ढिलाई कळते, आणि आपल्याला भिंग लावूनही दिसत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी संपत आलंय, असं त्याला वाटू लागलं होतं.

दुसऱ्यांदा तो युनिट बसवायला गेला तेव्हा जाईबाईनं दोघांना आधी जेवायला वाढलं. ज्ञानदेवची बायको मोजकं बोलणारी, पण महबूब आला की तिला बरं वाटायचं. ताटात पिठलं, भाकरी, डावीकडं मिरचीचा ठेचा आणि कांदा. ज्ञानदेव जेवता जेवता कंपनीतल्या गोष्टी सांगत होता. मध्येच तो थांबला, ताट पुढं सरकवलं आणि झालं म्हणाला. महबूबनं पाहिलं, अर्धी भाकरी तशीच होती. ठेच्याला हात लागला नव्हता. ताटाच्या मधोमध रेघ मारावी तसं उजवं अर्धं स्वच्छ आणि डावं अर्धं भरलेलं.

जाईबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, वाकली, आणि काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. ज्ञानदेवनं खाली पाहिलं.

“अरे, भाकर हाय व्हय अजून,” असं म्हणून तो पुन्हा जेवायला लागला.

महबूबला मडगार्ड आठवला. टेम्पोची चुकलेली पायरी आठवली. तो उठून हात धुवायच्या निमित्तानं ज्ञानदेवच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. अगदी जवळ, हात लावता येईल इतका. ज्ञानदेव रिकाम्या पाटाकडं बघून म्हणाला, “कुठं गेला हा?”

बागेच्या कडेला पाण्याचा हौद होता. तिथं महबूबनं जाईबाईला विचारलं. ती भांडी विसळत होती. तिनं सांगितलं, थंडीत एका सकाळी उठले तर डोकं फार दुखत होतं. डावा हात जड पडला होता, दुपारपर्यंत बरा झाला. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकलं नाहीत, पित्त आहे म्हणाले. तेव्हापासून ताटात अर्धं ठेवतात. आधी वाटलं भूक मेली. मग एकदा सहज ताट फिरलं आणि सगळं जेवले. तेव्हापासून ती रोज फिरवते. का, ते तिला माहीत नव्हतं. कोणाला विचारावं, तेही माहीत नव्हतं.

“वहिनी, ट्रॅक्टर चांगला हाय,” महबूब म्हणाला. “त्याला डावीकडचं दिसत न्हाई.”

जाईबाईनं हातातलं पातेलं हौदाच्या काठावर ठेवलं. मग म्हणाली, “भावजी, बागेच्या खाली इहीर हाय. डाव्या अंगाला.”

“ठाव हाय मला.”

“तुमी न्हाई दुरुस्त झाला म्हना. थोडं दिस. गौतमीला बोलावते, ती न्हेईल डाक्टरकडं. पर त्यांना कळलं की दिसत न्हाई, तर ते ऐकायचे न्हाईत. उलट हट्टानं ट्रॅक्टरवर बसतील.”

महबूबनं युनिट बसवलंच नाही. ज्ञानदेवला सांगितलं, आतला एक भाग खराब आहे, मिळेपर्यंत थांबावं लागेल. दुरुस्त झालेलं, तपासलेलं युनिट त्यानं पुन्हा पिशवीत घातलं आणि शेडमधल्या फळीवर ठेवून दिलं. आयुष्यात गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि तेही ज्ञानदेवशी.

गौतमीचं येणं लांबत गेलं. मुलगी शिक्रापूरला राहायची, तिची आणि नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, त्यात पोराला कांजिण्या. तोवर ज्ञानदेव एसटीनं न्हावऱ्याला यायचा. शेडमधल्या बाकावर बसायचा, मिळाला का भाग म्हणून विचारायचा. महबूब म्हणायचा, सांगितलाय, येईल. ज्ञानदेव फळीकडं बघायचा, पण पिशवी त्याला दिसली नसावी. हळूहळू त्याचा आवाज बदलला. आधी तो काळजीनं विचारायचा, मग हसून, मग बाकावर बसलेल्या बाकीच्यांना ऐकू जाईल असं. एकदा म्हणाला, कंपनीत प्रेसखाली झोपून काम करायचा हा, आता नारळाएवढं युनिट जमंना. लोक हसले. महबूबही हसला.

ऊस तोडणीचे दिवस होते, ट्रॅक्टरवाल्यांची कामं जोरात होती. पण गावात बोलणं पसरायला वेळ लागत नाही. आलेगावचा एक जण दुरुस्तीला दिलेला जॅक न सांगता उचलून घेऊन गेला. दुसऱ्यानं फोन करून विचारलं, मामा, तुम्हाला जमेल ना, का चौफुल्याला नेऊ? महबूब म्हणाला, चौफुल्याला न्या. जन्नतबी रागावली. दोस्तासाठी माणूस भाकरीला आग लावतो का, असं तिनं विचारलं. त्यानं कारण सांगितल्यावर मात्र ती इतकंच बोलली की हे फार दिवस लपणार नाही.

तसंच झालं. एका दुपारी ज्ञानदेव बाकावर बसलाच नाही. उभ्यानंच म्हणाला, युनिट दे. दौंडला एक जण आहे, हायड्रॉलिकचं काम करतो, त्याच्याकडं नेतो.

महबूबनं हातातला पाना खाली ठेवला. दौंडचा माणूस युनिट उघडील, ते चांगलं आहे असं सांगील, आणि ज्ञानदेव दुसऱ्या दिवशी बागेत ट्रॅक्टर चालू करील. विहिरीला कठडा नव्हता.

“बस जरा,” तो म्हणाला. “देतो. आधी माझं एक काम कर. हे टेबलावरचे पाने मला एकेक दे. सगळं. पेटीत भरायचेत.”

ज्ञानदेवला ते विचित्र वाटलं, पण त्यानं दिले. एकेक करत टेबलाच्या उजव्या बाजूचे सगळे पाने त्यानं महबूबच्या हातात ठेवले, फडक्यानं पुसून. मग हात झटकले.

“झालं?”

“झालं की.”

महबूबनं त्याचा हात धरला आणि टेबलाच्या डाव्या बाजूला नेला. ज्ञानदेवच्या बोटांना लोखंड लागलं. एक पाना, त्याच्या शेजारी दुसरा, मग हातोडी, मग पक्कड. त्यानं मान वळवली, खूपच वळवली, खांद्याच्या मागं बघावं तशी, तेव्हा त्याला ते दिसले. तो ते बघत राहिला. बाहेर उसाच्या दोन ट्रॉल्या खडखडत गेल्या.

“म्हंजी ट्रॅक्टर वढतच नव्हता,” ज्ञानदेव म्हणाला.

“पहिल्यांदा खराब व्हता. सील गेलं व्हतं. खोटं न्हाई सांगत.”

“आन् नंतर?”

“नंतर न्हाई.”

ज्ञानदेव बाकावर बसला. डोळ्यांवरून हात फिरवला, एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्हीनं सारखंच दिसत होतं, म्हणजे उजवीकडचंच. त्याला ते समजेना. डोळा फुटला असता तर कळलं असतं, असं तो पुटपुटला.

“जाईला ठाव हाय?”

महबूब पाने पेटीत भरू लागला.

“हाय म्हंजी.” ज्ञानदेव उठला. “मी हितं येऊन तुला समद्यांदेखत बोल लावायचो आन् तू हसायचास. मला वाटायचं, बिचारा थकला. दोघांनी मिळून येडा केलात मला.”

“इहिरीचं भ्या वाटलं रं.”

“मग तवाच सांगायचं. मी लहान हाय का?”

ज्ञानदेव रस्त्यापर्यंत गेला. महबूब मागं निघाला तसा त्यानं हात करून थांबवलं. एसटी आली, तो दांडी चाचपत चढला. महबूब शेडच्या दारात उभा राहून बघत होता. त्या दिवशी त्यानं पुढं काही काम केलं नाही.

गौतमी वडलांना पुण्याला घेऊन गेली. तिनंच नंतर फोन करून महबूबला सांगितलं. मेंदूत थंडीत एक नस बंद पडली होती. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं बघणारी आत जी जागा असते ती गेली. लगेच आणलं असतं तर कदाचित. आता ते यायचं नाही. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या दिल्यात, आणि गाडी, ट्रॅक्टर, काही चालवायचं नाही. फोन ठेवायच्या आधी गौतमी म्हणाली, “मामा, आप्पा कोणाशी बोलत नाहीत. आईशी तर अजिबात नाही.”

उसाचा हंगाम संपत आला, रस्ता मोकळा झाला, तरी पारगावहून काही निरोप नव्हता. महबूबनं दोनदा फोन लावला, जाईबाईनं उचलला, ठीक आहे म्हणाली. मग एक दिवस ज्ञानदेवचाच फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. यवतजवळचा एक नर्सरीवाला ट्रॅक्टर बघायला येतोय, युनिट बसवून दे, एवढंच.

महबूब गेला. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा होता, वर प्लास्टिकचा कागद. बागेत गवत गुडघ्याला लागत होतं. ज्ञानदेव बाजेवर बसून होता. तो वाळला होता. महबूबनं युनिट बसवलं, होज पाइप आवळले, तेल भरलं, हवा काढली. जाईबाईनं चहा आणला. तो ज्ञानदेवनं बाजेवरून घेतला, तिच्याकडं न बघता.

नर्सरीवाला हौसराव दुपारी आला. चौकस माणूस होता, त्यानं आधी चाकं बघितली, मग घासलेला मडगार्ड. स्टिअरिंगमध्ये काही लफडं आहे का, असं त्यानं महबूबला विचारलं. महबूब तोंड उघडायच्या आत ज्ञानदेव बाजेवरून बोलला.

“स्टिअरिंगला काय बी झालेलं न्हाई. तो पत्रा माझ्यामुळं गेलाय. मला डावीकडं दिसत न्हाई.”

परक्या माणसापुढं त्यानं ते इतकं साधं सांगितलं, की जाईबाई दारात होती ती आत गेली. मग ज्ञानदेव उठला आणि ट्रॅक्टरजवळ आला. सकाळी गार इंजिनाला किती वेळ द्यायचा, पाती कधी काढून धार लावायची, चढाला कुठला गिअर टाकायचा, सगळं त्यानं हौसरावाला सांगितलं. एक हात बॉनेटवर होता. हौसरावानं ट्रॅक्टर चालू केला, ओळीत घातला, शेवटाला नेऊन वळवून आणला. वळण एकाच हातानं घेतलं. उतरून तो महबूबला म्हणाला, लोण्यासारखं फिरतंय. महबूबनं मान हलवली. आयुष्यात इतकं नेटकं काम त्यानं क्वचितच केलं असेल, आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

हौसरावानं ट्रॅक्टर टेम्पोत चढवून नेला. तो गेल्यावर ज्ञानदेव बागेकडं वळला. गवताचं काय करणार, असं महबूबनं विचारलं. ज्ञानदेव म्हणाला, बाग काढायचं गौतमी म्हणतीये. बाया लावून गवत काढणं परवडत नाही, जाईचे गुडघे गेलेत. पावसाआधी झाडं तोडून रान वाट्यानं देऊ. हे सगळं तो दुसऱ्याच्या शेताबद्दल बोलावं तसं बोलला.

महबूब निघाला तेव्हा ज्ञानदेव चपला घालून त्याच्याबरोबर आला. थांब्यापर्यंत येतो, म्हणाला. येऊ नको म्हणायचं महबूबच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यानं पाऊल तेवढं हळू टाकलं. दोघं रस्त्याच्या उजव्या कडेनं चालू लागले. समोरून येणाऱ्या गाड्या डाव्या अंगानं जात होत्या, म्हणून महबूब ज्ञानदेवच्या डावीकडं झाला, त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये.

एक ट्रक वाऱ्याचा झोत मारून गेला. ज्ञानदेव दचकला. त्याच्या दृष्टीनं तो ट्रक कुठूनच आला नव्हता.

“तुझ्यावर राग हाय माझा अजून,” तो समोर बघत म्हणाला.

“असू दे.”

“जाईवर बी हाय. जात न्हाई. गेला पायजे, कळतंय मला.”

पुढं उसाच्या पाचटाचा धूर रस्त्यावर उतरला होता. ज्ञानदेवची चाल मंदावली, त्यानं डावा हात थोडा बाहेर काढला, हवेत चाचपला.

“हायस ना रं?”

“हाय,” महबूब म्हणाला, आणि आपली बाही त्याच्या हाताला लागेल इतका जवळ सरकला.

थांबा रस्त्यापलीकडं होता, तिथं सावली नव्हती. न्हावऱ्याची गाडी येईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. महबूब चढला आणि खिडकीतून वळून पाहिलं, तर ज्ञानदेव अजून तिथंच होता, घराकडं जायला रस्ता ओलांडायचा होता, आणि तो डावीकडं मान पार खांद्यापर्यंत वळवून, थांबून, पुन्हा वळवून बघत होता.